नाचाला मावशी हवी

कार्यक्रमाला येताना सैल कपडे घालावेत, चपला बाहेर काढाव्यात आणि मन मोकळं ठेवावं, अशा अर्थाची सूचना नृत्याच्या निमंत्रणपत्रिकेवर दिसली की मराठी प्रेक्षकानं सावध झालेलं बरं. पहिल्या दोन अटी हाडांच्या डॉक्टरकडेही असतात. तिसरी मात्र वधूवर सूचक मंडळात आणि सहभागी समकालीन नृत्यात, एवढ्या दोनच ठिकाणी भेटते, आणि दोन्हीकडे पुढे काय होणार हे आधी कोणी सांगत नाही. या नव्या नाचात रंगमंच नसतो. नर्तक प्रेक्षकांत मिसळतात, एकेकाच्या डोळ्यांत खोल बघतात, हात पुढे करतात, डोळे मिटायला सांगतात आणि मग म्हणतात, आता पाठीमागे पडा, आम्ही झेलतो. विषय काय, तर कलावंत आणि प्रेक्षक यांच्यातला विश्वास. विषयाला कोणाची हरकत नाही. हरकत एवढीच, की आपण तिकीट काढतो ते दुसऱ्याला घाम गाळताना बघायला, आणि इथे पहिल्या पाच मिनिटांतच लक्षात येतं की घामाचा वाटा आपल्याकडेही आहे. मग सभागृहात जी हालचाल सुरू होते ती खरी नृत्यरचना. अनवाणी माणूस बुटाची नाडी बांधायला वाकतो. ज्याचा फोन कधी वाजत नाही त्याला अचानक महत्त्वाचा फोन येतो. नवरा बायकोला पुढे करतो, बायको आपल्या बहिणीला पुढे करते, बहीण खांबामागे जाते, तर खांबामागे आधीच तिघं उभे असतात. "या ना, तुम्ही या," असं नर्तिकेनं प्रेमानं म्हणावं आणि पन्नाशीच्या गृहस्थांनी हात जोडून सांगावं, "मी नुसता ह्यांना सोडायला आलोय ओ."

हे दृश्य पाहून जाणकार मंडळी एक निष्कर्ष काढतात. मराठी प्रेक्षक लाजरा आहे, त्याला अंगाची भाषा कळत नाही, तो खुर्चीला चिकटलेला आहे. या निष्कर्षाला माझा विरोध आहे. मराठी प्रेक्षक लाजरा असता तर आपल्या कलावंतांचं आयुष्य पुष्कळ सुखाचं झालं असतं. संगीत नाटकाच्या काळात ऐन रडण्याच्या प्रसंगी 'वन्समोअर' देऊन, आत्ताच मेलेल्या पात्राला उठवून पद पुन्हा म्हणायला लावणारा प्रेक्षक हाच. लग्नात मंगलाष्टकं चालू असताना अक्षता नवरानवरीच्या डोक्यावर टाकायच्या असतात, पण त्या भटजींच्या कानात आणि व्हिडिओवाल्याच्या कॅमेऱ्यावर अचूक मारणाराही हाच. बेळगावच्या प्रेक्षकाची तर गोष्टच सोडा. पु. ल. देशपांडे काही काळ इथल्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवत होते आणि त्यांच्या 'गणगोत'मधले रावसाहेब याच गावचे. त्या माणसाची दाद ज्यांनी वाचली आहे त्यांनी बेळगावकराला लाजरा म्हणण्याचं धाडस करू नये. इथे माणूस गप्प बसला तर त्याला गाणं आवडलं नाही असं कोणी समजत नाही, तब्येत बरी नाही असं समजतात.

आणि लाजण्याविरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावा दरवर्षी वैशाखात रस्त्यावर येतो. बेळगावच्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक संध्याकाळी निघते असं जाहीर होतं, प्रत्यक्षात रात्री निघते आणि उजाडलं तरी संपत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर गड, गडावर मावळे, मागे जनरेटर, वर दिव्यांच्या माळा आणि भोंग्यातून आधी ध्वनिमुद्रित केलेले संवाद. मारुती गल्लीत, रामदेव गल्लीत प्रेक्षक ट्रॉलीपासून हातभर अंतरावर असतो. समजा ट्रॉलीवर पावनखिंड आहे. विशाळगडावरून तोफांचे बार ऐकू येईपर्यंत बाजीप्रभूंना खिंड सोडता येत नाही, हा इतिहास. जनरेटर बंद पडला की बार होत नाहीत, हे तंत्रज्ञान. म्हणजे दोन्ही हातांत तलवारी घेऊन बाजीप्रभूची भूमिका करणारा पोरगा दहा मिनिटं जखमी अवस्थेत झुंजत राहतो आणि खालून त्याच्याच वर्कशॉपमधले सोबती ओरडतात, "दम धर गा, डिझेल आणायला गेलाय!" कोणी पाण्याची बाटली वर देतं. एखादी आजी विचारते, "पोराला उकडत नसेल काय हो एवढ्या मिशीनं?" शेवटी बार होतात, बाजीप्रभू कोसळतात, टाळ्या पडतात, ट्रॉली पुढच्या चौकात जाते आणि तिथे ते पुन्हा उभे राहतात. कलावंत आणि प्रेक्षक यांच्यातला विश्वास म्हणजे आणखी काय असतं? प्रेक्षकाला ठाऊक असतं की हा मरणार आहे, कलावंताला ठाऊक असतं की पाणी मिळणार आहे, आणि सैल कपडे घालून या असं दोघांनाही कोणी सांगितलेलं नसतं.

तरी याच माणसाला बंद सभागृहात एक नर्तिका हळुवारपणे "हात द्या" म्हणाली की त्याच्या तोंडचं पाणी पळतं. का? माझं म्हणणं असं, की आपल्याकडे कलावंत आणि प्रेक्षक यांच्यामध्ये नेहमी एक तिसरा माणूस उभा असायचा, आणि नव्या नाचानं त्याला कामावरून काढून टाकलं आहे. चित्ररथाच्या पुढेही तो असतोच. गळ्यात शिट्टी, हातात दोरी, घसा बसलेला, ट्रॉलीवरच्या सरदारांनाही दरडावणारा आणि गर्दीलाही. तो कार्यकर्ता मध्ये आहे म्हणून वरचे बिनधास्त लढतात आणि खालचे बिनधास्त बघतात. तमाशात हेच काम मावशी करते. गण झाला की गवळण लागते. राधा आणि गौळणी दहीदूध घेऊन मथुरेच्या बाजाराला निघतात, वाटेत कृष्ण आणि पेंद्या त्यांना अडवतात. सरळ बघितलं तर प्रसंग अवघड आहे. देव, शृंगार, अडवणूक आणि समोर बसलेली सगळी गावकी. हा अवघडपणा मावशी एकटी अंगावर घेते. लुगडं नेसलेला, दाढीची खुंटं पदरानं झाकणारा तो बाप्या गौळणींच्या पुढे उभा राहून, समोरच्या प्रेक्षकाच्या मनात जे प्रश्न असतात ते सगळे विचारून टाकतो. तू कोण, वाट कोणाच्या बापाची, कर कसला, आणि एवढा देव आहेस तर तुला दही चोरायला का लागतं? प्रेक्षकाला लाज वाटायची असते ती मावशीला वाटून जाते. त्याला भीती वाटायची असते तीही तीच घाबरून घेते. त्यामुळे प्रेक्षक खुर्चीत, म्हणजे जमिनीवर मांडी घालून, पूर्ण सुरक्षित राहतो आणि तरीही खेळात पूर्ण सामील असतो.

ही सोय तमाशापुरती नव्हती. 1842 च्या सुमाराला उत्तर कानड्यातल्या कर्की गावची भागवत मंडळी सांगलीला खेळ करून गेली, ते पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसं काही मराठीत करायला सांगितलं आणि 1843 मध्ये 'सीतास्वयंवर' उभं राहिलं. म्हणजे बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीच्या भाषेत, मराठी नाटकाची पहिली ऑर्डर कानडी सॅम्पल पाहून निघाली. सीमाप्रश्नावर तावातावानं बोलणाऱ्या दोन्हीकडच्या मंडळींनी हे सॅम्पल एकदा एकत्र बसून तपासायला हरकत नाही, पण तो विषय काढला तर नाच बाजूला राहील. भाव्यांच्या खेळात सूत्रधार असे आणि त्याला उलटसुलट प्रश्न विचारणारा विदूषक असे. 'अललल डुर्र' करत राक्षस येण्याआधी या दोघांनी लोकांना एवढं सैल केलेलं असे, की पोरांनी आयांच्या पदरात तोंड लपवलं तरी पळून कोणी जात नसे. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये 'शाकुंतल' आणून नाटकाचा सगळा नूर पालटला, तरी विदूषकाला हात लावला नाही. पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी उभे असतात. त्यांचं काम काय, तर प्रेक्षकानं जिथे 'जी' म्हणायचं तिथे त्याच्या वतीनं म्हणून टाकणं. पगारी प्रेक्षकच तो. कीर्तनकारानं तर कमालच केली. "बोला पुंडलिक वरदा" एवढंच तो म्हणतो, पुढचं "हारी विठ्ठल" आपण म्हणायचं. उत्तर सातशे लोकांना आधीच पाठ आहे, चुकण्याची सोय नाही, शेजारचा ओरडतोय म्हणून आपलाही आवाज कोणाला वेगळा ऐकू येत नाही. सहभागाची यापेक्षा निर्धोक व्यवस्था जगात कुठे असेल असं वाटत नाही. तिथे बुवांनी खाली उतरून एखाद्याचा हात धरला असता आणि "तुमच्या आतला विठ्ठल मला दाखवा" असं म्हटलं असतं, तर पुढच्या एकादशीला मंडप ओस पडला असता.

आता उद्यमबागेकडे येऊ, कारण विश्वास या विषयावर या वसाहतीचा अभ्यास कोणत्याही नृत्यसंस्थेपेक्षा जुना आहे. खानापूर रोडला लागून असलेल्या या शेडांमधून कास्टिंग निघतात, हायड्रॉलिक सिलिंडर निघतात, लेथवर आणि सीएनसीवर दिवसरात्र जॉब कातले जातात, आणि यांतला एकही जॉब विश्वासावर बाहेर जात नाही. मालक देवमाणूस आहे, ऑपरेटर वीस वर्षं जुना आहे, दोघं एका पंगतीत जेवतात, तरी मापाचं गो नो-गो गेज लावल्याशिवाय पीस पुढे सरकत नाही. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, दोन हातांनी एकाच वेळी दाबायची. कारण उघड आहे. दोन्ही हात बटणांवर असले की एकही हात डायखाली राहत नाही. ज्यानं हे यंत्र बनवलं त्यानं माणसाच्या शहाणपणावर काडीचा विश्वास ठेवलेला नाही, आणि ज्यानं त्यातलं एक बटण चिकटपट्टीनं कायमचं दाबून ठेवण्याची युक्ती काढली त्यानं तो अविश्वास खरा करून दाखवला. ज्या माणसाला पहिल्या दिवसापासून "हात आत घालायचा नाही" एवढं एकच वाक्य शिकवलेलं आहे, त्याला रविवारी संध्याकाळी कोणी म्हणतं, "डोळे मिटा आणि हात द्या." तो देईल कसा? आधी विचारेलच ना, गार्ड कुठाय?

शिवाय या नाचाची वंशावळही फाउंड्रीवाल्याला धीर देणारी नाही. एकमेकांच्या अंगावर भार टाकून, तोल सोडून आणि सावरून करायच्या ज्या नाचातून हे सगळं वाढलं, त्या 'कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन'ची सुरुवात स्टीव्ह पॅक्स्टन या अमेरिकन नर्तकानं 1972 मध्ये केली. ज्या प्रयोगापासून ती मोजतात, त्यात काही तरुण गादीवर धडाधड एकमेकांवर आदळत, पडत, उठत होते. त्याचं नाव 'मॅग्नेशियम'. आता हे नाव उद्यमबागेत सांगून बघा. एसजी आयर्न या प्रकारचं ओतीव लोखंड करताना वितळलेल्या लोखंडात मॅग्नेशियम मिसळतात तेव्हा डोळे दिपवणारा भडका उडतो. त्यामुळे मॅग्नेशियम म्हटलं की इथला अनुभवी माणूस आपोआप मागे सरकतो. मागे सरकलेल्या माणसाला पुढे बोलावून आणि पाठमोरं उभं करून, आता मागे पड म्हणायचं, हे त्याच्या साऱ्या शिक्षणाच्या उलट आहे.

समजा, तरीही कोणाला हौस आली. उद्यमबागेतल्या एका मोकळ्या शेडमध्ये, बाहेरगावच्या नामवंत मंडळींचा 'विश्वास' याच विषयावरचा सहभागी नृत्यप्रयोग ठरला. क्रेन बाजूला सरकवली, जमीन धुतली, तरी तेलाचा ओशटपणा जायचा तो गेला नाही. प्रेक्षकांत लघुउद्योजक, त्यांच्या पत्नी, इंजिनियरिंग कॉलेजची पोरं आणि मालकानं "या की जरा" म्हटल्यामुळे आलेली सेकंड शिफ्ट. निम्मे लोक उशिरा येतात आणि तिसऱ्या रेल्वे गेटाचं नाव सांगतात. दिवे मंद होतात. एक नर्तक जमिनीवर लोळत येऊन फिटरच्या पायाशी थांबतो. फिटर खाली वाकून दबक्या आवाजात विचारतो, "काय हरवलंय काय साहेब? टॉर्च देऊ?" दुसरीकडे एक नर्तिका मेंटेनन्सवाल्याच्या डोळ्यांत बघत राहते. अर्धं मिनिट तो सहन करतो, मग आपल्या डोळ्यांत काही गेलं असेल म्हणून रुमाल काढतो. डोळ्यांवर पट्टी बांधून मित्राच्या हाताला धरून चालायचं, अशी सूचना होते. सगळे पट्टी बांधतात, पण नाकाजवळून फट ठेवून, आणि चालताना खाली बघत. एक पर्चेसवाला शेजाऱ्याला सांगतो, "तू माझा हात सोडू नको, पण तू कोण आहेस?" मागे पडण्याच्या खेळात झेलणाऱ्यांची रांग लागते तेव्हा पुढे येणारा गृहस्थ वळून विचारतो, "कपॅसिटी किती?" नर्तक हसून म्हणतो, "इथे वजन मनाचं असतं." गृहस्थ म्हणतात, "मनाचं असेल ओ, मी ब्याण्णव किलोचा आहे." ते पडत नाहीत. ते सावकाश, गुडघ्यात वाकून, एक हात जमिनीला टेकवत, सिनेमाच्या खुर्चीवर बसावं तसे खाली येतात, आणि झेलणारे चौघं मात्र ज्या जोरानं पुढे झेपावलेले असतात त्याच जोरानं एकमेकांवर आपटतात. टाळ्या कडकडून पडतात. मंडळींना वाटतं प्रयोग फसला. सेकंड शिफ्टला वाटतं, एवढाच भाग जमला.

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. तमाशाचं कौतुक पुरे, असं कोणी म्हणेल. फडावर दौलतजादा चालायचा, पैसे दाखवून नाचणारीला जवळ बोलावलं जायचं, त्याला काय विश्वास म्हणायचं? आक्षेप खरा आहे. पण तो माझ्या विरुद्ध जात नाही, माझ्या बाजूनं जातो. प्रेक्षक नावाचा प्राणी भरवशाचा नाही, हे तमाशावाल्यांना कोणाच्या सांगण्यावरून कळलं नव्हतं, ते त्यांनी भोगलं होतं. म्हणून तर मध्ये मावशीसारखाच सोंगाड्याही उभा. मागून कोणी वाह्यात ओरडला की त्याच्या घराण्याचा उद्धार करून, सगळा फड त्याच्यावर हसवून, नाचणारीच्या पायातला ताल न मोडता तो माणूस खाली बसवण्याची कला सोंगाड्याकडे होती. मावशी जेवढी प्रेक्षकासाठी असते, त्याहून जास्त कलावंतासाठी असते. तिला काढून टाकलं की काय होतं याचं प्रात्यक्षिक पश्चिमेत होऊन गेलं आहे. 1964 मध्ये योको ओनोनं जपानात क्योटोला 'कट पीस' केलं. ती स्वस्थ बसली, पुढे कात्री ठेवली आणि प्रेक्षकांनी एकेकानं येऊन तिचे कपडे कापून न्यावेत असं ठरलं. लोकांनी कापले. 1974 मध्ये मरिना अब्रामोविच इटलीत नेपल्सला सहा तास निश्चल उभी राहिली आणि टेबलावर 72 वस्तू मांडल्या. त्यांत गुलाब, पीस, मध होता, तशी कात्री होती, पिस्तूल होतं आणि गोळीही होती. माझ्यावर हवं ते करा, जबाबदारी माझी, अशी अट. सुरुवातीला फुलं हातात दिली गेली, नंतर कपडे फाडले गेले, आणि शेवटी भरलेलं पिस्तूल तिच्यावर रोखण्यापर्यंत मजल गेली, तेव्हा प्रेक्षकांतच भांडण लागलं. सहा तास संपल्यावर ती चालू लागली, तर तिच्याकडे बघायचीही ताकद न उरलेले लोक पळून गेले. उद्यमबागेतल्या कोणत्याही स्टोअरकीपरनं हा प्रयोग दोन मिनिटांत बंद पाडला असता. बहात्तर हत्यारं सही न घेता बाहेर ठेवली? टोकन कुठाय? इश्यू कोणी केलं?

दुसरा आक्षेप असा, की परदेशात तर लोक सहभागी होतात, आपलेच का अंग चोरतात? होतात खरे, पण कसे ते नीट बघावं. जर्मनीच्या पिना बाउशनं '1980' नावाच्या आपल्या प्रयोगात नर्तकांना खाली उतरवून प्रेक्षकांना चहा दिला. चहाला नाही कोण म्हणणार? तिथे तिसऱ्या माणसाचं काम कपबशीनं केलं. देणाऱ्याला हात पुढे करायला निमित्त मिळालं, घेणाऱ्याला हात गुंतवायला वस्तू मिळाली आणि डोळ्यांत बघण्याऐवजी दोघांनाही कपात बघता आलं. बेळगावात हे काम कुंद्यानं अधिक चांगलं होईल, तोंड भरलेला माणूस विरोध करत नाही. अमेरिकेत ब्रुकलिनला मार्क मॉरिसच्या नृत्यसंस्थेनं 2001 पासून पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नाचाचे वर्ग चालवले, पुण्यात हृषीकेश पवार यांनी समकालीन नृत्य घेऊन तसंच काम केलं. हात थरथरणारी, पाऊल अडखळणारी, वयस्क, मध्यमवर्गीय माणसं तिथे नाचली. म्हणजे अंग चोरणं हा काही आपला जन्मजात दोष नव्हे. पण तिथे कोणी पहिल्याच संध्याकाळी "पडा" म्हटलं नाही. आठवड्यामागून आठवडा वर्ग झाले, माणसं एकमेकांची नावं ओळखू लागली, गुडघ्यांची चौकशी झाली. नव्वद मिनिटांच्या प्रयोगात, त्यातली वीस मिनिटं दिवे नीट करण्यात गेल्यावर, एवढी ओळख मागणं म्हणजे सॅम्पल पास होण्याआधी पूर्ण लॉटचं पेमेंट मागण्यासारखं आहे.

तिसरा आक्षेप नर्तकांचा, आणि तो सगळ्यात हळवा. मावशी आली की कलेचं हसं होईल, म्हणतात. शांतता हवी, श्वास ऐकू आला पाहिजे, तिथे लुगडं नेसून कोणी "अगं बया" म्हणालं तर सगळं मुसळ केरात. त्यांचं दुःख समजतं. पण हसू येऊ नये असं वाटत असेल, तर सध्याच्या पद्धतीत ते थांबलेलं नाही. ते फक्त बाहेर पार्किंगमध्ये ढकललं गेलं आहे. प्रयोग सुटल्यावर स्कूटर काढता काढता जे बोललं जातं ते मंडळींनी कधी उभं राहून ऐकावं. मावशी तेच हसू आत आणते, प्रयोगाच्या मापात बसवते आणि वेळेवर थांबवतेही. गवळणीतली मावशी कृष्णाशी वाटेल तशी हुज्जत घालते, पण शेवटी त्याचं खरं रूप बघायचा हट्ट तीच धरते आणि पहिला हात तीच जोडते. मग समोरचे हजार हात जोडले जातात. कारण जो माणूस इतका वेळ आपल्या वतीनं शंका काढत होता, त्याची खात्री पटली म्हणजे आपली पटायला हरकत नाही.

उद्योगात यालाच थर्ड पार्टी इन्स्पेक्शन म्हणतात. माल बनवणारा म्हणतो चांगला आहे, घेणारा म्हणतो दिसत तर नाही, तेव्हा दोघांचाही नातेवाईक नसलेला एक माणूस व्हर्नियर घेऊन येतो, चहा पितो, नाक मुरडतो, मोजतो आणि सही करतो. दोन्ही बाजू त्याच्यावर वैतागतात, पण माल त्याच्या सहीनंच गेटाबाहेर पडतो. सहभागी नाचाला हाच माणूस पाहिजे. दारातच त्यानं प्रेक्षकाला सांगावं, की पुढच्या तीन रांगांतल्यांना बोलावतील, मागच्यांना नाही, ज्याला यायचं नाही त्यानं हाताची घडी घालून बसावं, कोणी विचारणार नाही. आपण बिनधोक आहोत हे कळलं की निम्मी माणसं आपण होऊन पुढच्या तीन रांगांत जाऊन बसतील, कारण आपल्याकडे मनाई उठली की गर्दी होते. मग सगळ्यांदेखत पहिल्यांदा मावशीनंच पाठमोरं पडावं. पडण्याआधी तिनं झेलणाऱ्यांचे दंड दाबून बघावेत, त्यांनी दुपारी काय खाल्लंय ते विचारावं, जमीन पदरानं पुसावी, देवाचं नाव घ्यावं, दोनदा कच खावी. आणि ती धाडकन पडून नीट झेलली गेली की ब्याण्णव किलोचे गृहस्थ आपोआप उठतील, "आता बघू या की" म्हणत. वर नर्तकांपैकी कोणाच्या वाट्याला एखादा आगाऊ प्रेक्षक आलाच, तर त्याची व्यवस्था लावायलाही मावशी मोकळी आहे, आणि तिची व्यवस्था तो जन्मभर विसरणार नाही.

राहिला प्रश्न खर्चाचा. या वसाहतीत प्रयोगाला पैसे द्यायला माणसं तयार होतात, बिल कोणत्या खात्यात बसवायचं यावर अडतात. नर्तकांचं मानधन जाहिरातीत जाईल, दिव्यांचं भाडं विजेत जाईल, तेलकट जमीन पुसायचा खर्च हाउसकीपिंगमध्ये जाईल.

"आणि ह्या मावशीबाई? त्या कशात घालायच्या?"

"इन्स्पेक्शन चार्जेस म्हणून टाका की."

"लुगडं आहे एक. नऊवारी."

"पॅकिंग."

"बांगड्या, गजरा, मिशी काढायचा खर्च?"

"फेटलिंग," अकाउंटंट मान वर न करता म्हणतो, "कास्टिंगचंही तेच करतो की आपण, पाठवायच्या आधी."